अ‍ॅल्युमिनियमला झालेला साक्षात्कार

फर्निचरचं दुकान बसलं, तेव्हापासून तो लांबरुंद हॉल कुलपात होता. मग तिथे एक जुनं एक्स-रे मशीन आलं, मशीनमागोमाग पांढऱ्या झग्यातले तेजोबाबा आले आणि बाबांमागोमाग अख्खं शहर आलं. दार आठला उघडायचं, पण सहापासूनच फूटपाथवर गाल धरून बसलेल्या माणसांची रांग लागायची. कुणी उजवा गाल धरलेला, कुणी डावा. एका बाईंनी दोन्ही धरले होते, म्हणून त्यांना लोक मानाने पुढे जाऊ देत होते.

त्या दिवशी पहिला नंबर एका बसड्रायव्हरचा होता. आडदांड माणूस, पण दाढेच्या ठणक्याने अगदी गोगलगाय झालेला. बाबांच्या मदतनिसाने त्याच्या तोंडात फिल्म सरकवली, मशीनचं नाक गालाला लावलं, बटण दाबलं. मग आतल्या अंधाऱ्या कपाटात जाऊन चार मिनिटांनी तो ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर आला. या चिमट्यामुळे सगळे त्याला चिमटेवालाच म्हणत. त्याने फिल्म भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावली. दाढेत काळं भगदाड, मुळाशी काळा डाग.

"पाहिलास काळोख?" बाबा तळहातावर तळहात चोळत म्हणाले. "हा दाढेचा नाही रे बाळा. हा मनातला काळोख. मनात मावेना, म्हणून दाढेत उतरला. शंभर टक्के!"

ड्रायव्हरने मान डोलावली. आयुष्यात एकदा सिग्नल तोडला होता, तो त्याला आठवला असावा.

बाबांनी चांदीच्या डबीत करंगळी बुडवली, करंगळीवर आलेलं काहीतरी पांढरं, चिकट त्याच्या दाढेच्या खड्ड्यात दाबलं, डोळे मिटले, हुंकार दिला. पुन्हा फिल्म. पुन्हा कपाट. पुन्हा चिमटा. आणि आता त्याच दाढेत, जिथे मघाशी भगदाड होतं तिथे, वर रुंद आणि खाली निमुळती अशी पांढरीशुभ्र ज्योत! भोवतीचा काळोखही फिकटलेला.

"सुई नाही, ड्रिल नाही, रक्ताचा थेंब नाही!" चिमटेवाला ओरडला. "फक्त तेज!"

हॉलभर "आहाहा" झालं. ड्रायव्हर तर रडायलाच लागला. "ठणका थांबला हो! खरंच थांबला!" म्हणत त्याने बाबांचे पाय धरले.

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकटीला ही ज्योत बघून हसूही आलं आणि घामही फुटला. हसू अशासाठी, की असल्या ज्योती ती रोज दहा ते पाच नोकरी म्हणून बघायची. आणि घाम अशासाठी, की रांगेत चौथा नंबर तिच्या अक्काचा होता.

या दोघी बहिणी. आई लवकर गेली, तेव्हा अक्का सतरा वर्षांची आणि धाकटी सहाची. अक्काने शिवणयंत्र सांभाळलं, धाकटीला वाढवलं, शिकवलं, कॉलेजच्या फीसाठी लोकांचे ब्लाउज रात्र-रात्र शिवले. आता अक्काचं स्वतःचं टेलरिंगचं दुकान होतं आणि गळ्यात दागिन्यासारखी मापाची टेप. माप घेताना गिऱ्हाईकाने पोट आत ओढलं की अक्का म्हणायची, "पोट सोडा. कपडा तुम्हाला घालायचाय, मला नाही." असल्या बाईला फसवणं सोपं नव्हतं. पण दाढ दुखली की भल्याभल्यांची अक्कल गालात उतरते.

धाकटीचं काम ऐकून लोक हसायचे. दातांच्या कॉलेजात एक प्रयोगशाळा होती. दातातली नस सडली की डॉक्टर मुळातली पोकळी साफ करतात, म्हणजे रूट कॅनल, आणि मग ती पोकळी बुजवायला एक पेस्ट भरतात, तिला सीलर म्हणतात. ही पेस्ट एक्स-रेत नीट दिसली पाहिजे, नाहीतर ती मुळाच्या टोकापर्यंत पोचली की मध्येच अडकली, हे डॉक्टरला कळणार कसं? म्हणून कंपन्या पेस्टचे नमुने पाठवायच्या आणि ती किती दिसते, हे धाकटी मोजायची. पेस्टची बरोबर एक मिलिमीटर जाडीची चकती करायची, तिच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमचा एक छोटासा पायऱ्या-पायऱ्यांचा ठोकळा ठेवायचा, आणि दोघांचा एकाच फिल्मवर एक्स-रे काढायचा. ठोकळ्याची पहिली पायरी एक मिलिमीटर, दुसरी दोन, तिसरी तीन, अशी चढत गेलेली. चकती जितक्या जाडीच्या पायरीइतकी पांढरी दिसेल, तो तिचा आकडा. तीनच्या खाली आली की नापास. प्रयोगशाळेत त्या ठोकळ्याला सगळे जिना म्हणायचे आणि धाकटीला जिनेवाल्या बाई. गेली अठरा वर्षं ती हा जिना चढत होती आणि बढती मात्र एकच मिळाली होती.

"ये इकडे," अक्का सुजलेल्या तोंडाने बोबडं बोलत तिला भिंतीकडे घेऊन गेली. "तुला एक दाखवायचंय. म्हणून तर आज मुद्दाम आणलं."

भिंतीवर सोनेरी चौकटीत एक कागद लावला होता. वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'विज्ञानानेही मान्य केले!' आणि खाली प्रयोगशाळेचा छापील कागद. दृश्यता: सात मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम. शेरा: उत्तम. सही धाकटीची.

धाकटीने ती सही दोनदा वाचली.

"बघ," अक्का म्हणाली. तिच्या एका डोळ्याखालचा गाल इतका चढला होता, की तो डोळा अर्धाच उघडत होता. पण त्या अर्ध्या डोळ्यातही कौतुक मावत नव्हतं. "इथे सगळ्यांना सांगितलं मी, ही सही माझ्या धाकट्या बहिणीची. बाकीच्यांनी बाबांवर विश्वास ठेवला असेल, मी तुझ्यावर ठेवला."

"अगं अक्का, हे पेस्ट किती दिसते त्याचं आहे. तिने बरं होतं असं मी कुठे लिहिलंय?"

"उत्तम लिहिलंय की!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. धाकटीला दोन वर्षांपूर्वीचा एक विक्रेता आठवला. प्रयोगशाळेच्या छोट्या खिडकीतून तो पेस्टच्या डब्या आत सरकवायचा आणि प्रत्येक वाक्याआधी तळहात चोळून म्हणायचा, "शंभर टक्के!" खिडकीतून त्याला धाकटीचे हातमोजे तेवढे दिसायचे, तिला त्याचे तळहात. चेहरे दोघांचेही एकमेकांना अनोळखी. त्याची पेस्ट दिसायला खरंच झकास होती, सात पायऱ्या. पण पेस्ट घट्ट होते का हे तपासणाऱ्या शेजारच्या टेबलावर ती घट्टच होईना, पाण्यात ठेवली की विरघळून जाई. तिथल्या कागदावर ठळक 'नापास' लिहिलं होतं. तो कागद अर्थातच सोनेरी चौकटीत नव्हता.

अक्काचा नंबर आला. तिची ही पाचवी बैठक होती, एकूण सात करायच्या होत्या. मदतनिसाने फिल्म ठेवली, बटण दाबलं. मशीन वाजलं: पीऽऽऽप. बाबांनी करंगळीचा प्रसाद दिला. दुसरी फिल्म. पिप.

धाकटीचे कान टवकारले. अठरा वर्षं ती हाच आवाज ऐकत होती. झोपेतही तिला कळलं असतं, की पहिला पीप लांब होता आणि दुसरा निम्म्याहून आखूड. तिने मग पुढच्या तिघांचे पीपही कान लावून ऐकले. आधीची फिल्म लांब, नंतरची आखूड. दरवेळी. चिमटेवाल्याचं बोट दोन्हींच्या मध्ये टायमरच्या बटणावर हळूच जाऊन यायचं, जसं कुणी सहज कान खाजवावा.

घरी आल्यावर दोघींची जुंपली.

"अक्का, गालफडाची सूज हनुवटीखाली उतरलीये. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. अंगात ताप आहे. आत्ताच्या आत्ता कॉलेजात चल, आमच्या डॉक्टरीणबाई बघतील."

"दोन बैठका राहिल्यात. मध्ये सोडली तर काळोख उलटतो म्हणाले बाबा."

"काळोख नाही गं, पू आहे तो! वरून खड्डा बुजवला त्या लबाडाने, आता पू जाणार कुठे?"

"मग दुखायचं थांबतं ते कसं?"

"त्या पेस्टमध्ये लवंगेचं तेल असतं. तासभर बधिर होतं. तुझं दुखणं थांबलंय का? खरं सांग."

अक्काने कोमट दुधात बिस्किट बुडवलं, तोंडात घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ती रडली. धाकटीने तिला रडताना आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं.

"फिल्ममध्ये दिसतंय ना गं," अक्का म्हणाली. "मी काय कुणाच्या सांगण्यावर जातेय का? माझ्या डोळ्यांनी बघतेय. दरवेळी आत येताना काळं असतं, बाहेर पडताना पांढरं. मी अडाणी असेन, आंधळी नाही."

धाकटीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या कमी बोलायच्या. "सूज गळ्याकडे सरकली तर श्वास अडकेल," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत मला ती खुर्चीत हवी. उचलून आण, फसवून आण, कशीही आण."

उचलून आणणं शक्य नव्हतं, अक्काचं वजन आणि हट्ट दोन्ही जबर होते. फसवून आणायचं धाकटीच्या मनात आलं, पण लगेच तिला वाटलं, फसवायला तिथे एक जण बसलाय ना, आपण कशाला? अक्का डोळ्यांनी बघून फसली होती. तिला डोळ्यांनीच बघून सुटायला हवं होतं. धाकटीने अट घातली: उद्या सकाळी सहावी बैठक कर, मी अडवत नाही. पण माझी एक वस्तू बाबांच्या कृपेसाठी तुझ्या फिल्मला चिकटवू दे. आणि त्यानंतर मी म्हणेन तिथे यायचं.

"कसली वस्तू?"

"माझ्या पोटापाण्याची."

अक्का विरघळली. धाकटीला शेवटी देवाची आठवण झाली, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने पर्समध्ये सगळ्यात छोटा जिना घेतला, पाच पायऱ्यांचा, नखाएवढा रुंद. शेजारच्या टेबलावरच्या फाइलमधून एका कागदाची नक्कल घेतली. बाहेर टॅक्सी थांबवून ठेवली आणि टॅक्सीवाल्याला सांगितलं, हलायचं नाही.

हॉल कालच्यापेक्षा भरलेला होता. कालचा बसड्रायव्हरही पुन्हा आला होता, गाल कालच्या दुप्पट घेऊन.

"बाबा," धाकटी हात जोडून म्हणाली, "हा माझ्या कामाचा ठोकळा. अक्काच्या फिल्मच्या कडेला लावू का? त्यालाही थोडं तेज मिळेल."

बाबांनी जिना हातात घेऊन उलटासुलटा केला. खिडकीबाहेरूनच डब्या देणारा हा माणूस, प्रयोगशाळेच्या आत कधी आलेला नव्हता. त्याला काय कळणार?

"अरे वा! पायऱ्या!" बाबा गर्दीकडे वळले. "बघा, भक्तीण काय घेऊन आली! स्वर्गाच्या पायऱ्या! एकेक पायरी एकेक जन्म! शंभर टक्के! लाव बेटी, लाव. जडालाही तेज मिळतं हे आज सगळे बघतील."

धाकटीने चिकटपट्टीने जिना फिल्मच्या कडेला लावला. अक्काने कसंबसं तोंड उघडलं. पीऽऽऽप. चिमटेवाला कपाटात गेला. बाबांनी करंगळी फिरवली. नव्या फिल्मला धाकटीने तोच जिना तसाच लावला. पिप.

दोन्ही ओल्या फिल्म पेटीवर शेजारी-शेजारी लागल्या आणि हॉलमध्ये जल्लोष उसळला. पहिलीत दाढ काळवंडलेली, दुसरीत ज्योत. आणि कडेचा जिना! पहिल्या फिल्ममध्ये खालच्या पायऱ्या काळपट होत्या, वरच्या राखाडी. दुसऱ्या फिल्ममध्ये सगळाच जिना उजळला होता. आधीची चौथी पायरी जितकी पांढरी होती, तितकी आता दुसरीच दिसत होती.

"पाहिलंत?" बाबांना स्वतःच्याच चमत्काराने भरून आलं. असं आजवर कधी झालं नव्हतं. "धातू! निर्जीव धातू! तोही उजळला!"

"अ‍ॅल्युमिनियमला साक्षात्कार झाला!" बसड्रायव्हर सुजल्या तोंडाने ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

धाकटी टाळ्या संपायची वाट बघत थांबली.

"बाबा, तुम्ही ह्या ठोकळ्याला डबीतलं काही लावलं नाहीत."

"नाही. नुसती दृष्टी टाकली."

"म्हणजे तो जाडबिड झाला नाही? पहिली पायरी अजून एकच मिलिमीटर आहे?"

"जड जडच राहणार, बेटी. तेज आतून येतं."

"मग दुसऱ्या फिल्ममध्ये तो दुप्पट जाड असल्यासारखा का दिसतोय?"

बाबा तळहात चोळायला लागले. धाकटी लोकांकडे वळली. चार माणसांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, ती चकत्यांशी बोलणारी बाई.

"ऐका. एक्स-रे फिल्मवर पांढरं म्हणजे उजेड नव्हे. जिथून किरण आरपार जातो तिथे फिल्म काळी होते. जिथे अडतो तिथे ती कोरी, पांढरी राहते. पांढरं म्हणजे सावली. इतके दिवस तुम्ही सगळे सावलीच्या पाया पडताय."

"मग आधी काळं आणि नंतर पांढरं कसं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

ती उत्तर देणार इतक्यात शेजारून एक घोगरा आवाज आला.

"थांब, थांब जरा."

अक्का खुर्चीतून उठून पेटीजवळ आली होती. तिने अर्धा डोळा बारीक केला. गळ्यातली टेप हातात घेतली, सवयीने. एका फिल्मवरचा जिना बघितला, दुसरीवरचा बघितला, आणि मग धाकटीच्या हातातल्या खऱ्या जिन्यावर बोट फिरवलं.

"ठोकळा तोच," ती हळूहळू म्हणाली. "पायऱ्या त्याच. कुणी हात लावला नाही. तरी माप बदललं." तिने टेप दोन्ही हातांनी ताणली. "माझ्याकडे एक जुनी टेप होती, वापरून वापरून ताणलेली. तिने मोजलं की प्रत्येक बाई दोन इंच बारीक निघायची. बायका खूश व्हायच्या, आणि शिवलेला एकही ब्लाउज त्यांना व्हायचा नाही." ती चिमटेवाल्याकडे वळली. "मेल्या, टेप ताणलीस तू! दाढ जिथल्या तिथेच आहे!"

धाकटीला तिचा अभिमान वाटला.

"पीप," ती म्हणाली. "आधीचा लांब, नंतरचा आखूड. किरण कमी वेळ सोडला की फिल्म कमी काळी होते. सगळीच. दाढ, हाड, डाग, ठोकळा, सगळंच फिकट. कपाटात जाताना ह्यांचं बोट टायमरवर जातं, बघा आता."

सगळ्यांनी चिमटेवाल्याच्या बोटाकडे पाहिलं. त्याने ते खिशात घातलं.

"आणि ज्योत?" बसड्रायव्हरने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "ज्योत तर खरी ना, बाई? माझ्या दाढेत आहे ती."

"पायातला बूट काढा," धाकटी म्हणाली.

"कोणाला मारायचंय?"

"कोणाला नाही. टाच बघू. हे खिळ्याचं भोक चालेल."

"अपवित्र!" बाबा ओरडले. "चपलेला तेज? पाप लागेल!"

"जडालाही तेज मिळतं, आत्ताच म्हणालात तुम्ही," धाकटी म्हणाली आणि अक्काने चांदीची डबी पुढे केली. टाचेच्या भोकात पेस्ट दाबली, बूट फिल्मवर ठेवला. धाकटीने टायमर स्वतःच्या हाताने लांबवर फिरवला आणि सगळ्यांना मागच्या भिंतीपर्यंत सरकायला लावलं. पीऽऽऽप. कपाटातही तीच गेली. चार मिनिटं सगळे कपाटाच्या दाराकडे बघत राहिले.

फिल्म पेटीवर लागली. रबराच्या राखाडी टाचेत, खिळ्याच्या भोकात, वर रुंद, खाली निमुळती, पांढरीशुभ्र ज्योत.

आधी एकच माणूस हसला. मग सगळा हॉल हसला, आणि ज्यांचे गाल सुजले होते ते गाल धरून हसले.

"माझ्या बुटाला मोक्ष मिळाला!" ड्रायव्हर म्हणाला. मग त्याचं हसू अर्ध्यात थांबलं. "पण मग माझ्या दाढेत काय भरलंय?"

"ह्या बुटात आहे तेच. किरण अडवणारी जड पूड, आणि लवंगेचं तेल. ही पूड खऱ्या पेस्टमध्येही मुद्दाम घालतात, डॉक्टरला भरलेलं दिसावं म्हणून. पण ती बरं करत नाही, फक्त दिसते. बरं होतं ते आतली घाण साफ केल्यावर. ह्यांनी साफ काहीच केलं नाही, घाणीवर झाकण लावलं. मुळाशी तो काळा डाग आहे ना, तिथलं हाड पू खातोय. ते खरं. तेवढंच त्या फिल्ममध्ये खरं आहे." मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. हे सांगितल्याशिवाय जाणं बरं नव्हतं. "आणि तो कागदही खरा आहे. सही माझी. मी दिसतं एवढंच मोजलं आणि 'उत्तम' लिहून मोकळी झाले. त्याच पेस्टचा दुसरा कागद हा. घट्ट होत नाही. विरघळते, म्हणून पुढच्या बैठकीला खड्डा पुन्हा काळा. नापास. खिडकीतून डब्या देणारे तुम्हीच ना, बाबा? हातांवरून ओळखलं."

बाबांनी तळहात चोळायचे थांबवले आणि पाठीमागे लपवले. "श्रद्धा नसेल तिथे तेज थांबत नाही," ते पुटपुटले आणि मागच्या दाराने तेजही गेलं, बाबाही गेले. चिमटेवाला मात्र अडकला, कारण बसड्रायव्हर दारात बूट हातात घेऊन उभा होता.

धाकटीला ते बघायला वेळ नव्हता. अक्का भिंतीला धरून उभी होती आणि तिचा श्वास घरघरत होता.

"चल," अक्का म्हणाली. "कुठे न्यायचं तिथे ने. लवकर ने."

टॅक्सी कॉलेजच्या दारात कशी पोचली, ते दोघींनाही नंतर आठवेना. डॉक्टरीणबाईंनी एक शब्द न बोलता चीर दिली, पू बाहेर काढला, सलाइन लावलं. दोन दिवस अक्का तिथेच होती. तिसऱ्या दिवशी सूज उतरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी एक रात्र गेली असती, तर मी काही करू शकले नसते." त्या कमी बोलायच्या, पण एवढं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

पंधरा दिवसांनी रूट कॅनल झालं. शेवटच्या एक्स-रेत अक्काच्या दाढेच्या मुळात बारीक पांढरी रेघ दिसली, अगदी टोकापर्यंत गेलेली.

"अगं बाई!" अक्का दचकली. "हीसुद्धा पांढरीच की! मग ह्यांच्यात आणि त्याच्यात फरक काय?"

धाकटीला हसू आलं. हा प्रश्न अक्काने विचारला, याचाच तिला आनंद झाला. "पांढऱ्या रेघेवर जाऊ नकोस. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. सहा महिने थांब, मग त्या काळ्या डागाला विचार."

सहा महिन्यांनी फिल्म काढली. शेजारी जिना होता, आधीच्या फिल्ममध्येही होता. अक्काने दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या आणि आधी दाढ बघितलीच नाही. आधी तिने पायऱ्या मोजल्या. पहिली तशीच, दुसरी तशीच, पाचवी तशीच. कुणी टेप ताणली नव्हती. मग तिने डाग बघितला. मटारएवढा होता, तो मोहरीएवढा उरला होता. तिथे हाड भरून आलं होतं.

"आता मानलं," अक्का म्हणाली आणि दुकानात जाऊन तिने पहिल्यांदा चिवट पावाचा तुकडा त्याच दाढेच्या बाजूने चावून खाल्ला. धाकटी बघत उभी राहिली.

तेजोबाबा म्हणे आता दुसऱ्या शहरात आहेत. तिथे ते गुडघ्यात ज्योत लावतात आणि रांग तिथेही आहे. लोक मूर्ख असतात म्हणून नव्हे. लोकांना दुखत असतं म्हणून. दुखणारा माणूस आधीचं आणि नंतरचं दाखवलं की विश्वास ठेवतो, आणि तो डोळ्यांनीच बघत असतो, त्यामुळे त्याला खोटं म्हणणाऱ्याचाच राग येतो. म्हणून भांडू नका. एवढंच विचारा: दोन्ही वेळा शेजारी काय ठेवलं होतं, जे बदलणार नाही? काहीच नसेल, तर ती ज्योत तुमच्या बुटातही लागू शकते. आणि जे दाखवलं, त्याने बरं झालं का, हे वेगळं विचारा. दिसणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या टेबलांवरच्या गोष्टी आहेत.

धाकटी अजून चकत्या करते, जिना लावते, आकडा लिहिते. पण शेऱ्याच्या जागी ती आता 'उत्तम' लिहीत नाही. कंपन्यांचे लोक कुरकुरतात, साहेबही एकदा बोलले, पण ती हटली नाही. प्रत्येक कागदाच्या तळाशी, सहीच्या वर, ती स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिते: 'ही पेस्ट एक्स-रेत दिसते. तिने कुणी बरं होतं का, हे मी मोजलेलं नाही.'

त्यातला एक कागद अक्काने मागून नेला आणि टेलरिंगच्या दुकानात, आरशाशेजारी लावला. चौकट नाही, नुसत्या दोन टाचण्या.